आमच्या विभागाचा नॉर्मल माणूस

माझे वडील काही वर्षं नॉर्मल माणूस म्हणून कामाला होते. थट्टा करत नाहीये. सुरतेतल्या ज्या कॉलेजात मी मानसशास्त्रात पीएच.डी. करते, तिथे त्यांची ओळखच तशी होती. शिपायापासून विभागप्रमुख मॅडमपर्यंत सगळे त्यांना ‘नॉर्मल काका’ म्हणत. मी आप्पा म्हणते.

मानसशास्त्रवाले काय करतात याबद्दल लोकांच्या फार उदात्त कल्पना आहेत. आमच्या नात्यातल्या बायका लग्नात मला बघून पदर सावरतात, मी त्यांच्या मनातलं वाचीन म्हणून. मावशी, मनातलं वाचायला वेळ कुणाला आहे? आमचा सगळा दिवस माणसं शोधण्यात जातो. ज्ञान तयार करायचं तर आधी माणूस लागतो, आणि तो मिळत नाही. तरुण मुली मिळतात, कारण त्या आमच्याच वर्गात असतात आणि त्यांची हजेरी आमच्या हातात असते. म्हणून आमच्या शास्त्राला हजेरी कमी पडलेल्या मुलींबद्दल जबरदस्त माहिती आहे. बाकी मानवजातीबद्दल अंदाज आहेत.

मॅडमनी एक मोठं काम हाती घेतलं होतं. म्हाताऱ्या माणसांच्या स्मरणशक्तीची एक परदेशी चाचणी आहे. समोरच्याला शब्दांची यादी वाचून दाखवायची, किती आठवतात ते बघायचं, मग थोडा वेळ घड्याळाचं चित्र वगैरे काढायला लावायचं आणि पुन्हा तेच शब्द विचारायचे. सोपं आहे. पण आठवलेले शब्द पुरेसे की कमी, हे कसं ठरवणार? त्यासाठी इथल्या धडधाकट म्हाताऱ्यांना किती आठवतात याचा तक्ता लागतो. तो तक्ता म्हणजे आमच्या धंद्यातलं माप. सुरतेत खानदेशातून आलेल्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कामगारांची एवढी वस्ती, पण त्यांच्यासाठी असा तक्ता नव्हता. तो मॅडम करणार होत्या. म्हणजे मी करणार होते.

मी मराठी शब्दांची यादी बनवली आणि म्हातारे शोधायला निघाले. कतारगामला एका ओळखीच्या घरी गेले, तर म्हाताऱ्याला मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्याच्या सुनेनं दिलं. तिची स्मरणशक्ती उत्तम होती. दुसऱ्या ठिकाणी आजोबा तयार झाले, पण मध्येच त्यांना शंका आली की मी सोसायटी पाडायच्या सर्वेवर आलेय, आणि त्यांनी मला जिन्यापर्यंत हाकललं. मी हात हलवत परत आले. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “बेन, तारा पप्पा शुं करे छे?”

“घेर बेठा छे,” मी म्हणाले.

घरी बसलेलेच होते. आप्पांनी सगळी उमर कडोदऱ्याजवळच्या एका लूमच्या खात्यावर काढली. इथे कारखान्याला खातंच म्हणतात. पुढे शेठनं लूम भंगारात विकले, खातं बंद झालं आणि आप्पा भेस्तानच्या आमच्या घराच्या ओट्यावर येऊन बसले. लूमच्या खडखडाटानं कान गेले होते, त्यामुळे टीव्हीचा आवाज एवढा की शेजारी आपला टीव्ही लावतच नसत, आमचाच ऐकत. त्या माणसाला मी एक दिवस म्हटलं, “आप्पा, कॉलेजात चला. तुमची स्मरणशक्ती तपासायची आहे.”

त्यांनी विचारलं, “माले काय व्हयनं?”

“काहीच नाही झालं. म्हणूनच पाहिजे.”

काहीच झालेलं नाही म्हणून पाहिजे असलेला माणूस! एवढा मान त्यांना आयुष्यात कुणी दिला नव्हता. ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले.

आता खरी गंमत. मॅन्युअलात लिहिलंय की शब्द एकसारख्या शांत आवाजात वाचावेत. मी शांत आवाजात “पतंग” म्हटलं. आप्पा म्हणाले, “काय?” पुन्हा म्हटलं. “काय?” मॅडमनी विचार करून सांगितलं की आवाज एकसारखा असला म्हणजे झालं, मोठा असायला हरकत नाही. मग मी एकसारखी ओरडले. पतंग! कात्री! जांभूळ! पूल! मीठ! कबूतर! खिडक्यांच्या काचा थरथरल्या. खालच्या मजल्यावरच्या कॉमर्सच्या सरांनी शिपायाला वर पाठवलं.

आप्पा बरे ठरले. निघताना त्यांनी विचारलं, “अजून मानसं पाहिजेत का?” दुसऱ्या दिवशी त्यांनी ओट्यावरची सगळी मंडळी रिक्षात कोंबून आणली. सगळे लूमवाले, सगळे कानानं अधू. एकेकाला आत घ्यायचं, बाकीचे बाहेर बाकावर फाफडा खात बसायचे. आत मी ओरडत होते, बाहेर ते ऐकत होते. पहिल्याला जेमतेम आठवलं. नंतर आत येणारा प्रत्येक जण आधीच्यापेक्षा हुशार निघाला. शेवटचा माणूस खुर्चीत बसता बसताच “पतंग, कात्री, जांभूळ” म्हणायला लागला, मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

मी मॅडमना म्हटलं, हे काही खरं नाही. मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या, “सगळ्यांनी सारखंच ऐकलं ना? मग स्टँडर्ड झालं.” मी आकडे तक्त्यात भरायला घेतले. मॅडम वाईट बाई नाहीत. त्यांच्या मागे रिपोर्टची मुदत लागली होती, आणि मुदत लागलेल्या माणसाला तर्क फार लवकर सुचतो.

मंडळी पांगली, आप्पा मात्र टिकले. विभागात सगळ्यांनाच कधी ना कधी एखादा धडधाकट म्हातारा लागतो, आजारी लोकांशी तुलना करायला. झोपेवर काम करणारा आप्पांना घेऊन जाई, एकाग्रतेवर काम करणारी त्यांच्याकडून लाल-निळी बटणं दाबून घेई. माझी यादी तर दर थोड्या दिवसांनी कुणी ना कुणी त्यांच्यावर वापरायचंच. रागावर काम करणाऱ्या मुलीनं त्यांना मुद्दाम न सुटणारं कोडं दिलं, चिडतात का बघायला. आप्पांना वाटलं, पोरीलाच ते सुटत नाहीये. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “रडू नको पोरी, व्हई जाई.” तिनं राग शून्य लिहिला. पुढे तिचा पेपर छापून आला की उतारवयात माणसाचा राग निवतो. मी तो घरी वाचून दाखवला तेव्हा माय हसून हसून खालीच बसली. त्याच आठवड्यात भाजीत मीठ जास्त झालं म्हणून आप्पांनी ताट भिरकावलं होतं. माय म्हणाली, “त्या पोरीले सांग, आठे इसन देख.”

आप्पांना मात्र नॉर्मलपणा चढला होता. सोसायटीत कुणी वाकडं बोललं की म्हणायचे, “मी नॉर्मल शे. कॉलेजनी लिखी देयेल शे.” लोकही खरं मानायचे. कुणाचा मुलगा बायकोचंच ऐकतो, कुणाची सासू दिवसभर देवघर धुते, असे खटले आमच्या ओट्यावर यायला लागले. हे नॉर्मल आहे का, एवढंच विचारायचं. आप्पा डोळे मिटून विचार करायचे आणि निकाल द्यायचे. मी तिथेच दार धरून उभी असायचे, घरात शिकलेली मी, पण मला कुणी विचारायचं नाही. मी अजून पास झाले नव्हते ना.

तक्ता तयार झाला. आप्पांच्या मंडळींच्या फाफड्याच्या जोरावर बनलेला तक्ता, त्यामुळे त्यातलं माप भलतंच चढं होतं. उद्घाटनाच्या दिवशी मॅडमनी कौतुकानं प्राचार्यांनाच चाचणी दिली. प्राचार्यांनी बाहेर बाकावर बसून काही ऐकलं नव्हतं. ते तक्त्यात पार तळाला गेले. मॅडमनी तक्ता दोनदा पाहिला. शेवटी मॅडम म्हणाल्या, सरांना विश्रांतीची गरज आहे, आणि सर खरंच तीन दिवस रजेवर गेले. बिचारे घाबरले असणार.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग एक दिवस आप्पा भाजी आणायला म्हणून गेले ते दुपार उलटून गेली तरी आले नाहीत. माय ओट्यावर आत-बाहेर करत राहिली. शेवटी एक रिक्षावाला त्यांना सोडून गेला. आप्पा खुशीत होते, पोट भरलेलं होतं आणि खिशात बडीशेपेची रंगीत पुडी होती. माय मला म्हणाली, “तुना बाप जेवीसन उना, पन कोनं लगन व्हतं ते त्याले म्हाईत नही.”

मी रिक्षावाल्यानं सांगितलेल्या ठिकाणी दुसऱ्या दिवशी गेले. कडोदऱ्याच्या रस्त्याला, आप्पांच्या जुन्या खात्याच्या जागी आता पार्टी प्लॉट झालाय. लग्नासाठी भाड्यानं देतात तसलं हिरवळीचं मैदान. वॉचमननं हसत हसत सांगितलं, “काका गेट पे आके पूछे, आज दिन पाली में कौन है? मैंने सोचा लड़केवाले हैं.” दिन पाली म्हणजे खात्यातली दिवसपाळी, ते त्याला कुठून कळणार? त्यानं त्यांना पंगतीला बसवलं. आप्पा जेवले, आणि मग हात धुऊन परत गेटवर येऊन म्हणाले की लूम कुठे हलवले, आवाज येत नाहीये.

वॉचमन हसत होता. मलाही आधी हसूच आलं. ज्या माणसाच्या कानात अख्खा जन्म तो आवाज होता, तो गेटवर उभा राहून तो आवाज शोधत होता.

मग मला मागचं सगळं दिसायला लागलं. गॅस चालू राहिला होता. मायला दोनदा तिच्या जावेच्या नावानं हाक मारली होती. घरी आलेल्या साडूला त्यांनी विचारलं होतं की तुम्ही कुणाकडे आलात. आम्ही त्याला विनोद समजलो होतो, आप्पा तसे थट्टेखोर म्हणून.

मी मॅडमकडे गेले. म्हटलं, आप्पांना नीट तपासायला हवं. मॅडमनी लगेच सगळं सोडून तपासणी लावली, ते खरं सांगितलं पाहिजे. चाचणी आमचीच, यादी माझीच. आप्पांनी सगळे शब्द सांगितले, पुन्हा विचारल्यावर पुन्हा सगळे. मॅडमनी तक्त्यावर बोट फिरवलं. आप्पा बरोबर मध्ये आले. मॅडमना केवढं हायसं वाटलं. “काका तो आपणा नॉर्मल छे!”

“मॅडम, मध्येच येणार,” मी म्हटलं. “तक्ता त्यांचाच आहे. त्यांच्या पट्टीनं त्यांनाच मोजतोय आपण.”

मॅडमनी तक्त्यावरचं बोट उचललं. मग त्यांनी संशोधन समिती बोलावली, कारण आमच्याकडे गप्प बसण्यापेक्षा समिती बोलावलेली बरी दिसते. चार शहाणी माणसं टेबलाभोवती बसली आणि माझा बाप नॉर्मल आहे की नाही यावर चर्चा झाली. झोपेवाला म्हणाला, काकांना काढलं तर माझा तुलनेचा गट कोसळेल. रागवाली म्हणाली, माझा पेपर तर छापून आलाय. बाहेरून आलेले एक तज्ज्ञ होते, ते शांतपणे म्हणाले की काकांबद्दल इतकी वर्षं जमवलेली माहिती एका बाजूला आणि पार्टी प्लॉटची एकच घटना दुसऱ्या बाजूला. शास्त्रीय दृष्टीनं ती घटना वगळावी. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी उठून उभी राहिले. मला रडू येत नव्हतं, राग आला होता. मी मराठीतच ओरडले, आप्पांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, की घटना वगळा, यादी वगळा, मला वगळा, पण माझ्या बापाला दवाखान्यात नेऊ द्या. खाली कॉमर्सचा वर्ग थांबला असणार. मॅडम उठल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. “जा बेटा. लई जा.”

मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. नवा दवाखाना, गार हवा, आप्पांनी ठेवणीतला शर्ट घातलेला. डॉक्टर तरुण होते, हसतमुख. मराठी पेशंट म्हटल्यावर त्यांनी कपाटातून कागद काढला. तो आमचाच. मॅडमनी शहरभर वाटला होता. डॉक्टर मोठ्यानं वाचायला लागले, “पतंग,” आणि आप्पांनी उरलेली यादी एका दमात म्हणून टाकली. डॉक्टर चकित झाले. मला म्हणाले, “एवढी तीक्ष्ण मेमरी मी या वयात पाहिली नाही.” आप्पांनी माझ्याकडे बघून मिशीवर हात फिरवला.

मी डॉक्टरांना म्हटलं, दुसरे शब्द घ्या. कुठलेही. तुमच्या मनातले. डॉक्टरांना ते पटलं नाही, मनातले शब्द घेणं अशास्त्रीय आहे म्हणाले. मी ऐकलं नाही. तेव्हा त्यांनी खोलीतल्या वस्तू बघत बघत मोठ्यानं म्हटलं, घंटा, पेला, छत्री, दोरा, खुर्ची. आप्पा नीट ऐकत होते. मन लावून ऐकत होते, कामावर आल्यासारखे. डॉक्टर म्हणाले, “आता सांगा काका, मी काय म्हटलं?”

“पतंग,” आप्पा म्हणाले. “कात्री. जांभूळ. पूल. मीठ. कबूतर.” आणि विचारलं, “बराबर शे ना?”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

पुढचं सगळं नेहमीचं. स्कॅन, रक्त, आजाराचं नाव, गोळ्या. गोळ्यांनी फार तर वेग थोडा कमी होईल, म्हणाले. माय सोबत आली होती. रिक्षात तिनं आप्पांच्या शर्टाचं वरचं बटण लावलं आणि पदर तोंडाशी धरला.

तक्त्याचं काय झालं? मॅडमनी रिपोर्टात ‘मर्यादा’ नावाच्या भागात एक ओळ घातली. आमच्या प्रत्येक अभ्यासात तो भाग असतो, घरात अडगळीची खोली असते तसा. त्या ओळीत म्हटलंय की काही सहभागींना चाचणीचा आधीपासून परिचय असण्याची शक्यता नाकारता येत नाही. माझे आप्पा आता त्या ओळीत राहतात. मी तक्ता पुन्हा नव्यानं करायचा हट्ट धरलाय, मॅडम हो म्हणाल्यात, मुदत मिळाली की.

मला वाटलं होतं आप्पांचं कॉलेज सुटेल. पण ते रोज सकाळी दाढी करून ओट्यावर बसायला लागले. मी निघाले की उठायचे. “पोरी, त्या तठे वाट देखी राहिनात.” मी दोन-चार दिवस त्यांना चुकवून मागच्या दारानं निघाले. तेव्हा मायच म्हणाली, “घर बसीसन काय करी तो? लई जाय त्याले.”

मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या की आपल्याकडे दुसरा गटही आहे. आजारी गट. त्यातही माणसं मिळत नाहीत. मला चीड आली, आणि चिडीच्या खाली कुठेतरी, खरं सांगायचं तर, बरंही वाटलं. निदान यांच्याकडे माझ्या बापासाठी खुर्ची तरी आहे.

आजारी गटात संमतीचे नियम कडक असतात. सगळा कागद मोठ्यानं वाचून दाखवावा लागतो आणि घरचं माणूस शेजारी असावं लागतं. घरचं माणूस मीच होते आणि वाचणारीही मीच. आप्पा इस्त्रीच्या शर्टात समोर बसले होते, हात गुडघ्यांवर. मी एकसारख्या मोठ्या आवाजात वाचत गेले. या अभ्यासाचा उद्देश अमुक. तुम्हाला त्रास होणार नाही. तुमचं नाव गुप्त राहील. आप्पा प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. मग शेवटचा नियम आला. तुम्हाला वाटेल तेव्हा तुम्ही इथून जाऊ शकता. त्यासाठी कुठलंही कारण द्यावं लागणार नाही. कुणीही तुम्हाला अडवणार नाही.

आप्पांची मान थांबली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, अगदी ओळखून, जुन्या आप्पांसारखं.

“आन् आठेच ऱ्हावानं व्हई तं?” त्यांनी विचारलं.

इथंच राहायचं असेल तर काय करायचं, याबद्दल कागदात काहीच नव्हतं. मी तो पालथा करून मागेही पाहिलं. मग त्यांचा हात धरला आणि ओरडून सांगितलं, “राहा, आप्पा,” आणि बाहेर बाकावर आपल्या नंबराची वाट बघत बसलेल्या सगळ्यांनी ते ऐकलं.